तुमचे किती ‘लाईट’?

कॅन्सर रुग्णालयात किरणोपचार विभागाबाहेरच्या बाकांवर ओळखीची एक ठरलेली रीत असते. नाव-गाव मागाहून, पहिला प्रश्न ‘तुमचे किती लाईट?’ म्हणजे किरणांचे किती हप्ते. कुणी म्हणतं पस्तीस, कुणी पंधरा, तर कोपऱ्यातल्या आजोबांचं एका दिवसात आटोपणार असतं. मग मनात कालवाकालव सुरू होते. पस्तीसवालीला वाटतं, आपलं दुखणं फारच बळावलंय. आजोबांच्या मुलाला वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. दोघांचाही हिशेब चुकतो. गाठ कुठे आहे, शेजारी कोणता नाजूक अवयव आहे आणि उपचारातून नेमकं काय साधायचंय, यावरून हा आकडा ठरतो. तो कसा ठरतो, ही मोठी रंजक गोष्ट आहे.

शेक, पण गरम नाही

बरेच जण किरणोपचाराला ‘शेक देणं’ म्हणतात. या शेकात ऊब मात्र नावालाही नसते. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात, हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव या एककाला दिलंय. एक किलोमागे एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. घशाच्या कॅन्सरला बहुधा रोज 2 ग्रे असे 35 दिवस, म्हणजे 70 ग्रे देतात. ही सगळी मात्रा एका दमात पाण्याला दिली, तरी पाणी जेमतेम एका अंशाच्या साठाव्या हिश्श्याएवढं तापेल! मग गाठ मरते कशी? किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी पुढच्या दिवसापर्यंत बरीचशी डागडुजी उरकून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. रोजच्या हप्त्यांमागचं इंगित हेच.

मेंढ्याने शिकवलेला धडा

हप्त्यांची ही युक्ती पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये 1920च्या दशकात पक्की झाली, आणि तिचं श्रेय जातं एका मेंढ्याला. क्लोद रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर किरण सोडले. एकाच वेळी मोठी मात्रा दिली, तर नसबंदी साधेपर्यंत वरची कातडी पार भाजून निघायची. तुकड्यातुकड्यांनी दिली, तेव्हा नसबंदी झाली आणि कातडी शाबूत राहिली. वृषणात भराभर नव्या पेशी तयार होतात, तशाच त्या गाठीतही होतात. रेगोंचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली आणि रुग्ण बरे होऊ लागले.

पण हप्ते लांबवत नेले तर गाठीलाही उसंत मिळते. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मात्रा तेवढीच ठेवून आठवड्याला पाचाऐवजी सहा लाईट दिले. उपचार एक आठवडा आधी संपला, आणि पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण 60 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेलं. औषध तेच, फक्त कॅलेंडर बदललं! गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही सगळा उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. म्हणून ‘गावची जत्रा करून चार दिवसांनी येते’ असं कुणी म्हणालं, की तंत्रज्ञ अगदी हात जोडून थांबवतात. त्यांचं ऐकावं.

पंचवीस, पंधरा, पाच… आणि शून्य

या क्षेत्रातली मला सर्वांत भावलेली गोष्ट स्तनाच्या कॅन्सरची आहे. वर्षानुवर्षं रिवाज होता 25 लाईटचा, म्हणजे पाच आठवडे. मग ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की 15 पुरतात. पुढे फास्ट-फॉरवर्ड या चाचणीत चार हजारांवर रुग्णांना सहभागी करून थेट 5 लाईट तपासले गेले: एका आठवड्यात 26 ग्रे. 2020 साली निकाल आला. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण 15 लाईटवाल्यांत 2.1 टक्के, 5 लाईटवाल्यांत 1.4 टक्के. तेव्हा कोविडमुळे सगळे घरात अडकलेले. अनेक रुग्णालयांनी ही पद्धत लगेच उचलली.

त्याहून धाडसी प्रश्न होता, लाईट दिलेच नाहीत तर? प्राइम-टू या चाचणीत 65 वर्षांवरच्या 1,326 स्त्रिया होत्या. गाठ लहान, शस्त्रक्रियेने काढलेली, काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेली आणि हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारी. दहा वर्षांनी लाईट न घेतलेल्यांपैकी 9.5 टक्के जणींमध्ये आजार त्याच स्तनात उलटला, घेतलेल्यांत 0.9 टक्के. फरक मोठा आहे. पण हयात स्त्रियांचं प्रमाण? एका गटात 80.8 टक्के, दुसऱ्यात 80.7. आता समजा, यंत्र असलेल्या शहरापासून शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या, गुडघे धरलेल्या आजी आहेत. त्यांनी काय करावं? हे आकडे समोर ठेवून निवड आजींनाच करू द्यावी. कुणी म्हणेल, ‘नको बाई ती धास्ती, घेऊन टाकते.’ कुणी म्हणेल, ‘गोळी घेईन, तपासणीला येईन.’ दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

आणि कोपऱ्यातले आजोबा? कॅन्सर हाडात उतरून दुखत असेल, तर 8 ग्रेचा एकच लाईट दहा लाईटइतकाच दुखणं कमी करतो. पुन्हा लाईट घ्यावा लागण्याची शक्यता मात्र त्यात जास्त: साधारण 20 टक्के, हप्त्यांमध्ये 8. ज्यांना रोजची जीपची खडखड सोसत नाही, त्यांच्यासाठी हा सौदा बहुतेक वेळा चांगलाच.

आतड्यांची काळजी, परळहून

लाईटची संख्या तीच ठेवून नेम सुधारला, तरी खूप साधतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 300 स्त्रियांवर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल सेंटरने चाचणी केली. रोज स्कॅन बघून अचूक वळवलेले किरण एका गटाला, जुन्या धाटणीचे दुसऱ्याला. तीन वर्षांत आतड्यांचा उशिरा उद्भवणारा त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के जणींना झाला, नव्या पद्धतीत 21.1 टक्के. निम्मा! जेवण झालं की संडास शोधत धावावं लागणं म्हणजे काय, हे भोगलेल्यांनाच कळतं.

आणखी थोडं चटपटीत

डाव्या स्तनाला लाईट देताना ‘श्वास भरून रोखा’ सांगतात, कारण छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं. प्रोस्टेटवाल्यांना पाणी पाजून बसवतात. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधी दातांचा डॉक्टर गाठायचा, कारण किरणांनंतर जबड्याच्या हाडाची जखम भरता भरत नाही. केस सगळे जात नाहीत, किरण जिथून जातात तेवढ्याच जागेचे जातात. कोबाल्टच्या यंत्राचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून जुन्या स्रोताखाली मिनिटं जास्त लागतात. मात्रा तेवढीच असते. भारतीय बनावटीच्या अशा यंत्राचं नाव भाभाट्रॉन. होमी भाभांच्या नावाचं हे यंत्र व्हिएतनामलाही पोचलंय.

आणि बाकांवर हमखास कुजबुजला जाणारा शेवटचा प्रश्न: घरी लहान मूल आहे, जवळ घ्यावं का? यंत्रातून बाहेरून लाईट घेतलेल्याच्या अंगात किरण उरत नाहीत. यंत्र बंद झालं की किरण संपले. खुशाल मांडीवर घ्या.