फुटबॉलचा कारभारी

चेंडू मारणारा माणूस सगळ्यांना दिसतो. ज्याने त्याच्या पगाराची तजवीज केली, मैदानाचे भाडे भरले आणि बँकेच्या साहेबाला आणखी चार महिने थोपवून धरले, तो मात्र कुणाला दिसत नाही. आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गायक नटाचे नाव घरोघर, आणि व्यवस्थापकाचे नाव कर्जाच्या कागदावर!

जर्मन फुटबॉलमध्ये या पडद्यामागच्या माणसाला पूर्वी मॅनेजर म्हणत. आता क्रीडा संचालक म्हणतात. संघ मैदानावर कसा उतरवायचा हे प्रशिक्षक पाहतो. पण खेळाडू कोणता घ्यायचा, कोणता विकायचा, प्रशिक्षक कोणाला नेमायचे आणि या सगळ्याला पैसा कोठून आणायचा, हे पाहतो तो हा माणूस. मी पडलो मराठीचा अध्यापक. मला त्याच्यासाठी आपला जुनाच शब्द आवडतो : कारभारी. आणि या कारभाऱ्यांतला सर्वांत गाजलेला, आणि सर्वांत मोठ्या गोत्यात आलेला गडी म्हणजे म्युनिकच्या बायर्न क्लबचा उली होनेस.

जन्म १९५२ चा, उल्म गावचा. वडिलांचे खाटिकखाना-दुकान. पोरगा वाऱ्यासारखा पळणारा. १९७० साली, अवघ्या अठराव्या वर्षी, तो बायर्नमध्ये दाखल झाला. १९७२ साली जर्मनी युरोपचा विजेता झाला तेव्हा तो संघात होता, आणि १९७४ साली जग जिंकले तेव्हाही होता. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या क्रॉयफला पहिल्याच मिनिटात पाडून प्रतिपक्षाला पेनल्टी बहाल करण्याचा पराक्रम याचाच! जर्मन खेळाडूंचा पाय चेंडूला लागण्यापूर्वीच गोल झाला. सुदैवाने सामना अखेर जर्मनीने २-१ असा जिंकला, म्हणून बरे.

१९७६ साली मात्र सुदैव सोबतीला नव्हते. बेलग्रेडला युरोपच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टींवर आला. होनेसने मारलेला चेंडू आडव्या खांबावरून थेट आभाळात गेला, आणि विजेतेपदही त्याच्यामागून गेले. त्याच्या आधीच्याच वर्षी, पॅरिसमध्ये लीड्सविरुद्ध खेळताना, गुडघाही दुखावला होता. तो गुडघा पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. १९७९ साली, सत्ताविसाव्या वर्षी, खेळ संपला.

ज्या वयात आपल्याकडचा मुलगा नोकरीत कायम होण्याची वाट पाहत असतो, त्या वयात या मुलाच्या हाती बायर्नने कारभार सोपवला. त्याची चुणूक त्याने आधीच दाखवली होती. पॉल ब्राइटनर या जुन्या सवंगड्याला परत आणायला क्लबजवळ पैसा नव्हता, तेव्हा याने खेळाडू असतानाच आपल्या गावच्या मागिरुस ट्रक कंपनीला गाठून तो उभा केला. आता वाचकहो, इतका वेळ ज्याला मी ‘तो’ म्हणत आलो, त्याला यापुढे अहो-जाहो करणे भाग आहे. माणूस कारभारी झाला!

तेव्हा क्लबवर कर्ज होते आणि वर्षाची उलाढाल सुमारे १ कोटी २० लाख मार्कांची. उत्पन्नाचा मोठा भाग तिकिटांचा. म्हणजे पाऊस पडला की गल्ला रिकामा. होनेसांनी हे परावलंबन मोडायचे ठरवले. जाहिरातदार आणले, क्लबच्या नावाच्या वस्तू विकायला काढल्या. १९८४ साली रुमेनिगेसारखा हिरा इटलीच्या इंटर क्लबला विकला आणि कर्ज फेडले. चाहते हळहळले, पण ऋण काढून सण करणे या गृहस्थांना मान्य नव्हते. १९७९ ते २००९ या ३० वर्षांत बायर्नने १६ वेळा जर्मन विजेतेपद मिळवले, २००१ साली चॅम्पियन्स लीग जिंकली, २००५ साली नवे स्टेडियम उभे राहिले. कंपन्यांना भाग विकले, तरी पाऊण मालकी सभासदांचीच ठेवली.

जीभ मात्र तिखट. प्रतिस्पर्ध्यांवर ते असे तुटून पडत की वृत्तपत्रांनी त्यांना ‘हल्ला खाते’ असे नावच देऊन टाकले. पण त्याच माणसाची दुसरी बाजू पाहा. गेर्ड म्युलर, जर्मनीचा थोर गोलवीर, निवृत्तीनंतर दारूत बुडाला होता. त्याला उपचारांना नेण्यात पुढाकार होनेसांचा, आणि बरा झाल्यावर क्लबमध्ये काम मिळाले तेही त्यांच्यामुळे. डाइस्लर नावाच्या गुणी खेळाडूला नैराश्याने ग्रासले, तेव्हा ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. हॅम्बर्गचा सांक्ट पाउली क्लब बुडू लागला, तेव्हा २००३ साली बायर्नचा संघ तेथे मदतीचा सामना खेळला. कडवा प्रतिस्पर्धी डॉर्टमुंड डबघाईला आला, तेव्हा त्यालाही २० लाख युरोचे कर्ज दिले! १९८२ साली छोटे विमान कोसळून त्यांचे तिन्ही सहप्रवासी मरण पावले होते. मागच्या आसनावर झोपलेले होनेस तेवढे वाचले होते.

आणि मग २०१३ साल उजाडले. स्वित्झर्लंडमधल्या बँकेत त्यांचे खाते होते, त्यावर चलनाच्या सट्ट्याचे प्रचंड व्यवहार होते आणि त्यावरचा कर बुडवलेला होता. आपण होऊन कबुली दिली, पण ती अपुरी ठरली. मार्च २०१४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात आकडा ठरला २ कोटी ८५ लाख युरो. शिक्षा साडेतीन वर्षांची. क्लबचा पैन् पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे स्वतःचे खाते असे निघाले! दुसऱ्याच दिवशी त्यांनी अपील न करता शिक्षा स्वीकारली, अध्यक्षपद सोडले आणि जूनमध्ये लांड्सबेर्गच्या तुरुंगात हजर झाले.

त्यांचे चाहते विचारतात, इतके दानधर्म केले, ते जमेस धरायचे की नाही? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. देवळाला पायऱ्या बांधून देणारे आणि दुकानात पावती न देणारे शेटजी आपल्या प्रत्येक पेठेत सापडतात. मला वाटते, दान आणि कर यांत एक मूलभूत फरक आहे. म्युलरला सावरायचे, सांक्ट पाउलीला तारायचे, हे होनेसांनी ठरवले; ज्यांना मदत मिळाली त्यांनी त्यांचा हात ओळखला. कर मात्र आपण अनोळखी माणसांसाठी भरतो. ज्या मुलाची शाळा त्यातून चालते, तो आपले आभार मानायला कधी येत नाही. म्हणूनच तो देणे जड जाते, आणि म्हणूनच एका देण्याने दुसरे फिटत नाही.

निम्मी शिक्षा भोगून ते २०१६ च्या फेब्रुवारीत सुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सभासदांनी त्यांना प्रचंड बहुमताने पुन्हा अध्यक्ष केले, आणि २०१९ साली ते आपणहून पायउतार झाले. तेव्हा क्लबची वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो झाली होती. न्यायालयाने त्यांचे श्रेय पाहून गुन्हा पुसला नाही, आणि सभासदांनी गुन्हा पाहून श्रेय पुसले नाही. मला तरी दोघांचाही हिशेब बरोबर वाटतो.