घरचा ठेवा ठेवायचा कुठे?

आपल्या घराघरांत मोलाचा ठेवा आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, धम्मपद्धतीने लागलेल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, वस्तीत रात्रभर रंगलेल्या गायन पार्टीचे रेकॉर्डिंग, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या आजी-आजोबांचा आवाज. ती पिढी आता सरत आली आहे. गेलेला आवाज बाजारात विकत मिळत नाही.

मीरा-भाईंदरमधील तारोडी, डोंगरी, उत्तन हा समुद्राजवळचा पट्टा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी येते, फोटो एकमेकांना चिकटतात. म्हणून हा ठेवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, असे घरची शिकलेली मुले म्हणतात. ते योग्यच आहे. पुढचा प्रश्न येतो तो खर्चाचा. त्यासाठी खास स्टोरेजचा डबा घ्यावा, की साधा संगणक पुरे?

दोघांत फरक काय?

नेटवर्क स्टोरेज म्हणजे एक-दोन हार्ड डिस्क बसवलेला छोटा डबा. तो इंटरनेटच्या राउटरला तारेने जोडला की घरातील टीव्ही व मोबाईलवर त्यातील फोटो, गाणी पाहता-ऐकता येतात. आवाज कमी, जागा थोडी. मात्र हार्ड डिस्क बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि डबा रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो.

संगणक जास्त वीज खातो, पण काम झाले की बंद करता येतो. हिशेब करून पाहू. २० वॅटचा डबा महिनाभर अखंड चालला तर सुमारे १४ युनिट वीज जळते. ६० वॅटचा संगणक दर रविवारी तीन तास लावला तर महिन्याला एक युनिटही होत नाही. तोच संगणक अखंड चालू ठेवला, तर मात्र ४३ युनिट होतात.

शिवाय कॅसेट उतरवण्याचे काम संगणकावरच करावे लागते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर संगणकाला जोडावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो. साध्या प्रतीच्या एमपी-थ्रीमध्ये ती ५८ एमबीच्या आसपास बसते. म्हणजे अशा शंभर कॅसेटींना सहा जीबीसुद्धा लागत नाही! फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नये; टेपचे हेडही खराब होते.

म्हणून आमचे सांगणे असे, की पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबाला जुना पण चांगला चालणारा संगणक पुरेसा आहे. टीव्हीवर पाहायचे तर पेन ड्राइव्ह लावता येतो. चार-पाच बिऱ्हाडांना किंवा विहाराला मिळून रोज वापर असेल, तरच डब्याचा विचार करावा.

एकाच प्रतीवर विसंबू नका

डब्यातील दोन डिस्कवर एकसारखी प्रत राहते, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण चुकून फाईल पुसली तर ती दोन्हीकडून जाते. चोरी झाली, पाणी शिरले तर डबाच जातो. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून बहिणीच्या किंवा काकांच्या घरी ठेवावी. डिस्क कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वर्षातून एकदा लावून पाहावी.

बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर दिल्लीच्या अलीपूर रोडवरील बंगल्यात राहिलेले त्यांचे कागद १९६७ साली उघड्यावर पडले व पावसात भिजले. वाचलेल्या हस्तलिखितांना पुढे वसंत मून यांच्या संपादनाखालील शासनाच्या खंडांत जागा मिळाली. त्यांतला पहिला खंड १९७९ साली निघाला. भिजून गेले त्याची दुसरी प्रत असती तर?

वर्षावासात आपण घरोघरी ग्रंथवाचन करतो. यंदा त्यातला एक रविवार या कामाला द्या. आजी बोलती आहे तोवर तिचा आवाज आधी उतरवून घ्या.