घरच्या कॉम्प्युटरला राखणदार हवा, पण कोणता?

गोव्यातल्या मये गावातल्या घरांना कागदाची किंमत सांगावी लागत नाही. १९६१ नंतर गावातली बरीचशी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात राहिली. ज्या घरात पिढ्या गेल्या ते घर आपल्या नावावर नाही, हे लोकांनी अर्धशतकाहून अधिक काळ सोसले. २०१४ साली गोवा विधानसभेने कायदा केला, तेव्हा कुठे सनदेची, म्हणजे मालकीच्या कागदाची, वाट मोकळी झाली. आज त्या कागदांचे स्कॅन, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेची पत्रे आणि चवथीच्या माटोळीचे फोटो एकाच कॉम्प्युटरमध्ये असतात. अँटिव्हायरस निवडायला बसण्याआधी आपल्याकडे असे काय काय आहे, याची यादी मनाशी करावी. पुढचे निर्णय तिच्यावरच ठरतात.

व्हायरस, स्पायवेअर आणि खंडणी

व्हायरस एका फाइलीतून दुसरीत, एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात पसरतो. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून जगभर गेला होता. स्पायवेअर मात्र काही मोडत नाही. ते गुपचूप बसते, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलते, कीबोर्डवर काय टाइप होते ते टिपते आणि बाहेर पाठवते. तिसरा प्रकार रॅन्समवेअरचा. तो फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने असेच दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर अडवले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चला दिले होते. ज्यांनी ते घेतले ते वाचले.

विंडोजमध्ये आधीच असलेला राखणदार

स्पायवेअरसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते का, असे अजूनही विचारले जाते. एके काळी लागत असे. २००६ च्या सुमारास विंडोज व्हिस्टाबरोबर आलेला 'डिफेंडर' फक्त स्पायवेअर पकडायचा, व्हायरससाठी दुसरी सोय करावी लागायची. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर दोन्ही कामे करतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आजचे कुठलेही चांगले अँटिव्हायरस स्पायवेअरही पाहते, त्यामुळे दुहेरी खरेदीची गरज उरलेली नाही.

डिफेंडर चालू आहे का हे पाहण्यासाठी स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का आणि अपडेटची तारीख ताजी आहे का, एवढे पाहा. तिथेच खाली रॅन्समवेअरपासून संरक्षणाची सोय आहे. 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची ही सोय सहसा बंद असते. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदांच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. एखादा ओळखीचा प्रोग्रॅम अडला, तर त्याला तिथूनच परवानगी देता येते.

विंडोज १० वापरत असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज जुने आणि अँटिव्हायरस नवे, हा मेळ चालत नाही. भिंतीलाच भगदाड असेल तर दारावरचा राखणदार काय करणार? कॉम्प्युटर झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावे, नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी.

पैसे देऊन घ्यायचे असेल तर

घरात लहान मुले असतील, कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशेब चालत असेल किंवा अडचणीला फोनवर मराठी-हिंदीत बोलणारे कुणी हवे असेल, तर विकतचे घेण्यात अर्थ आहे. भारतीय नावेही भरवशाची आहेत. क्विक हील पुण्याचे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि धाकटे भाऊ संजय यांनी कॉम्प्युटर शिकून व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधल्या व्हायरसवर उपाय म्हणून सुरू झालेले ते काम २०१६ साली शेअर बाजारापर्यंत पोहोचले. ईस्कॅन मुंबईचे आणि के७ चेन्नईचे.

जाहिरातीपेक्षा परीक्षेचा निकाल पाहावा. जर्मनीतली एव्ही-टेस्ट संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६ गुण देते, म्हणजे एकूण १८. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्जही अशाच चाचण्या घेते. दोन्हींचे निकाल इंटरनेटवर मोफत वाचता येतात. डिफेंडरही त्यात बहुतेक वेळा वरच्या रांगेत असतो. एकाच महिन्याचा निकाल धरू नका, वर्षभराचे पाहा. जुन्या, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरसाठी वेगाचे गुण जास्त मोलाचे. पैसे देण्याआधी परवाना किती कॉम्प्युटरांसाठी आहे, किती वर्षांचा आहे आणि दुसऱ्या वर्षी किती पडतील, हे विचारून घ्यावे. पहिल्या वर्षाची सवलत बघून घेतलेले सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी बरेच महाग पडू शकते.

फुकटाचे घेताना

मोफत म्हणजे वाईट असे नाही, पण कंपनी कमावते कशावर हे पाहावे. अवास्टच्या मोफत अँटिव्हायरसमधून लोक कुठल्या वेबसाइट पाहतात याची माहिती गोळा होत होती आणि 'जंपशॉट' या त्यांच्याच कंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरचा बोजा टाकला. स्पायवेअर अडवण्यासाठी बसवलेलेच आपल्यावर नजर ठेवते, याहून मोठी फसगत नाही. इन्स्टॉल करताना माहिती वाटून घेण्याची खूण असेल ती काढून टाकावी.

सरकारी सोयही आहे. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर कॉम्प्युटर साफ करण्याची साधने मोफत मिळतात.

एका दाराला एकच

दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांवर संशय घेतात आणि कॉम्प्युटर रखडतो. नव्या लॅपटॉपमध्ये थोड्या दिवसांच्या चाचणीचे अँटिव्हायरस भरलेले असते. मुदत संपली की ते पुढे चालवायचे का हे ठरवा. नको असेल तर पूर्ण काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो. मुदत संपलेले तसेच ठेवणे सगळ्यात धोक्याचे, कारण चिन्ह दिसत राहते आणि आपण निर्धास्त राहतो.

पेन ड्राइव्हमधला बाण

आपल्याकडे घरात शिरणारा सर्वांत ओळखीचा पाहुणा पेन ड्राइव्हवरून येतो. मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि परतल्यावर ड्राइव्ह उघडते. फोल्डरची नावे तीच, पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण. मोठे फोल्डर होते तिथे एक-दोन केबीचे शॉर्टकट. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केली, म्हणून या व्हायरसने माणसालाच क्लिक करायला लावण्याची युक्ती काढली. बाण दिसला की क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही करू नका. खऱ्या फाइली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आधी पूर्ण ड्राइव्ह स्कॅन करा, मग जाणकाराकडून त्या दिसत्या करून घ्या. त्याहून बरे म्हणजे प्रिंटची पीडीएफ दुकानाला मेलने पाठवावी.

दुसरी वाट 'क्रॅक'ची, म्हणजे परवाना चुकवून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरची. फुकटचे फोटोशॉप किंवा गेम घेताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना येते. चोर दार उघडे ठेवायला सांगतोय, हे तिथेच ओळखावे. 'स्टॉप' नावाचे रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून घरोघरी शिरले.

फसगत झालीच तर

स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' अशी पाटी आणि खाली फोन नंबर दिसला, तर फोन करू नका, ब्राउझर बंद करा. कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला आपली स्क्रीन हाताळू देऊ नका. स्पायवेअर सापडले तर कॉम्प्युटर साफ करून थांबू नये. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलावेत, कारण जुने बाहेर गेलेले असू शकतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटचा आधार

कुठल्याही अँटिव्हायरसला सगळेच पकडता येत नाही. कुलूप लागलेल्या फाइली पुष्कळदा परत मिळत नाहीत. म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कागद आणि फोटो तिच्यावर उतरवा आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालते.

मयेच्या सीमेवर गाव जपणारा राखणदार देव आहे, ही आपली श्रद्धा. तरीही सनद आपण उघड्यावर टाकत नाही, घडी घालून जपून ठेवतो. कॉम्प्युटरमधल्या सनदेलाही तीच वागणूक द्यावी: दाराशी एक जागा राखणदार आणि कपाटात एक प्रत.