पोर्ट नंतर उगवत नाही!

टीव्हीला जोडायचा पीसी बनवताय? मग मदरबोर्ड सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी ठरवा. आणि तोही मागच्या बाजूने बघून!

हॉलमध्ये फोर-के टीव्ही, खाली साउंडबार आणि कपाटात सिनेमांनी खच्चून भरलेल्या दोन हार्डडिस्क. अशा घरात किंवा फ्लॅटवर कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, 'टीव्हीला एक पीसीच जोडून टाकू या ना!' आयडिया भारी असते. चौघं कॉन्ट्री काढतात, यादी सुरू होते. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी केवढी, यावर रात्र रात्र चर्चा रंगते. मदरबोर्ड मात्र यादीच्या तळाशी, उरलेल्या पैशांत, दुकानदार देईल तो.

घोळ होतो तो इथेच. रॅम पुढच्या महिन्यात वाढवता येते, डिस्क दिवाळीत लावता येते. पण बोर्डच्या मागे जो पोर्ट नाही, तो नंतर उगवत नाही. त्यासाठी वेगळं कार्ड घ्यायचं म्हणजे पुन्हा खर्च, आणि टीव्हीखालच्या चपट्या केसमध्ये जागेची मारामार. एकदा खोका उघडला की बोर्ड परत घ्यायला दुकानदारही सहसा तयार नसतो.

मुळात गरज आहे का?

आधी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. फक्त ओटीटी बघायचंय? मग पीसीच्या भानगडीत पडू नका. टीव्हीला लावायची एखादी स्टिक ते काम कितीतरी कमी पैशांत करते. उलट पीसीवर ओटीटीचं फोर-के मिळवायला विंडोज, योग्य ब्राउझर किंवा अॅप आणि एचडीसीपी २.२ अशी सगळी साखळी जुळावी लागते. होम थिएटर पीसीची खरी मजा आहे ती स्वतःच्या संग्रहात. जमवलेले सिनेमे, घरातल्या लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, सबटायटल्स, गाण्यांच्या मोठ्या फाइल्स हे सगळं कोडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पोस्टरसकट मांडून ठेवायचं, आणि त्याच मशीनवर अधूनमधून प्रोजेक्टही करायचं. हे हवं असेल तर पुढे वाचा.

सुरुवात टीव्हीपासून

बोर्ड निवडताना पहिली नजर एचडीएमआय पोर्टवर. एचडीएमआय १.४ फोर-के चित्र देतो, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. २.० आला की ६० फ्रेम मिळतात आणि २.१ मध्ये १२०पर्यंत जाता येतं. जुन्या आणि स्वस्त बोर्डांवर अजूनही १.४ सापडतो. गंमत म्हणजे हा घोटाळा पहिल्या रात्री लक्षातच येत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यामुळे ३०च्या मर्यादेतही तो मजेत चालतो. दुसऱ्या दिवशी मॅच लावली की बॉल तुटक तुटक पळतो, माउसचा बाण पाय ओढत चालल्यासारखा सरकतो, आणि सगळे टीव्हीला शिव्या घालतात.

खोक्यावरच्या 'एचडीएमआय २.१' या अक्षरांवरही लगेच भाळू नका. त्या व्हर्जनमधल्या बऱ्याच गोष्टी कंपन्यांसाठी ऐच्छिक आहेत. म्हणून कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडा आणि 'किती रिझोल्यूशन, किती हर्ट्‌झ' हा आकडा वाचा. ३८४० गुणिले २१६० किंवा ४०९६ गुणिले २१६०, आणि पुढे ६० हर्ट्‌झ असं दिसलं की पास. 'डिस्प्ले पोर्ट आहे ना' या उत्तरावर समाधान मानू नका. बहुतेक टीव्हींना तो नसतोच. मग वेगळा अॅडॉप्टर आला.

पोर्ट आहे, पण चित्र कुठून येणार?

बोर्डवरचा एचडीएमआय म्हणजे फक्त दरवाजा. चित्र येतं प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सकडून. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर ते ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे कोअर आय-फाइव्ह १२४०० चालेल, १२४००एफ नाही. एएमडीत रायझन ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर प्रश्नच नाही, पण मग पंखा, आवाज आणि बिल, तिन्ही वाढतं.

पुढचा मुद्दा कोडेकचा. फोर-के सिनेमांच्या बऱ्याच फाइल्स एचईव्हीसीमध्ये असतात. यूट्यूब व्हीपी-९ आणि एव्ही-१ वापरतं. हे उलगडण्याचं काम ग्राफिक्समधल्या खास भागाने केलं, तर प्रोसेसर निवांत राहतो. तो भाग नसेल तर प्रोसेसरला घाम फुटतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून दहा-बिट एचईव्हीसी जमतं, एव्ही-१ जमतं ते अकराव्यापासून. एएमडीत ५६००जी ला एचईव्हीसी येतं, एव्ही-१ येत नाही. रायझन ७००० मालिकेत ज्यांना ग्राफिक्स आहे त्यांना दोन्ही येतं. म्हणजे प्रोसेसरची पिढी ठरली की बोर्डचं सॉकेट आपोआप ठरतं. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए १७००, रायझन ५००० ला एएम-४, रायझन ७००० ला एएम-५.

एलजीए १७०० मध्ये आणखी एक गोम आहे. काही बोर्ड डीडीआर-४ रॅम घेतात, काही डीडीआर-५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. मित्राकडची जुनी रॅम वापरायची असेल तर हे आधी बघा.

लहान म्हणजे स्वस्त नाही

टीव्हीखाली ठेवायचं म्हटलं की सगळ्यांना मिनी-आयटीएक्स आठवतो. १७ बाय १७ सेंटीमीटरचा हा बोर्ड दिसतो मस्तच. पण त्यावर रॅमच्या जागा सहसा दोन, एक्स्पान्शन स्लॉट एकच, आणि तसाच मायक्रो-एटीएक्स बोर्ड बहुतेकदा स्वस्त पडतो. मायक्रो-एटीएक्स म्हणजे जास्तीत जास्त २४.४ बाय २४.४ सेंटीमीटर. फरक सात सेंटीमीटरचा. तेव्हा आधी टेप घेऊन टीव्ही युनिटचा खण मोजा. खण मोठा असेल, तर वाचलेल्या पैशांत चांगला, शांत पंखा येईल.

महागड्या गेमिंग बोर्डच्या नादी लागायचंही कारण नाही. तिथले भरभक्कम हीटसिंक, ओव्हरक्लॉकिंगची सोय, आरजीबी दिवे याचे पैसे आपण भरतो. सिनेमा बघताना ते दिवे उलट डोळ्यांवर येतात. इंटेलमध्ये एच६१०सारखा साधा चिपसेटही या कामाला पुरतो, फक्त पोर्ट नीट हवेत. भाव सारखे बदलतात, म्हणून लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, दोन-तीन ठिकाणी विचारूनच.

आवाज, डिस्क आणि वाय-फाय

साउंडबार किंवा रिसीव्हर एचडीएमआयवर असेल तर उत्तमच. जुना असेल आणि त्याला फक्त ऑप्टिकल केबल लागत असेल, तर बोर्डवर तो पोर्ट आहे का हे तपासा. स्वस्त बोर्डांवर तो अनेकदा नसतो. ऑप्टिकलवरून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. डॉल्बी ट्रू-एचडीसारखा जड आवाज मात्र एचडीएमआयनेच जातो.

हार्डडिस्कसाठी साटा पोर्ट मोजा. आज दोन डिस्क असतील तर चार पोर्ट घ्या, कारण संग्रह कधी कमी होत नसतो. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. मॅन्युअलमध्ये ती ओळ असते, शोधा. दोन एम.२ स्लॉट दिसले म्हणून खूशही होऊ नका, त्यातला एक फक्त वाय-फाय कार्डाचा असू शकतो. वाय-फाय असलेला बोर्ड घेतलात तरी राउटर जवळ असेल तर लॅनची केबल टाकाच. फोर-केच्या मोठ्या फाइल्स भिंतीपलीकडून अडखळतात.

शेवटी दोन बारीक गोष्टी. लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग बायोसमध्ये बहुतेकदा असते, आपल्याकडे ती सोन्यासारखी. आणि टीव्हीचा रिमोट थेट पीसीला चालेल असं धरून चालू नका. पीसीच्या एचडीएमआयमध्ये त्यासाठीचं सीईसी सहसा नसतं. छोटा वायरलेस कीबोर्ड बजेटमध्ये धरा. रात्री अकराला आईने 'हे बंद कसं करायचं?' विचारलं, तर उत्तर एका बटणाचं हवं!

दुकानात हे विचारा

• एचडीएमआय फोर-के ६० हर्ट्‌झ देतो का? मॉडेलचं पूर्ण नाव सांगा, साइटवर बघतो.
• माझ्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स आहे ना?
• बोर्डचं बायोस या प्रोसेसरसाठी अपडेट केलेलं आहे का? नसेल तर करून मिळेल का?
• रॅम डीडीआर-४ की डीडीआर-५?
• साटा किती, पंख्याची कनेक्शनं किती?
• सॉकेटच्या पिना दाखवा. इंटेल आणि एएम-५ मध्ये त्या बोर्डवरच असतात. सेकंड हँड घेताना तर मोबाइलचा टॉर्च मारून बघा. एक पिन वाकडी असली तरी सौदा रद्द.
• वॉरंटी किती वर्षांची, आणि बिल पक्कं मिळेल ना?

या सातांची उत्तरं मिळाली की खुशाल पैसे द्या. दिव्यांचा रंग त्यानंतर!