मण, शेर आणि किलोग्राम

आमच्या सभासदांपैकी ज्यांच्या पेढ्या तीन-चार पिढ्यांच्या आहेत, त्यांतील पुष्कळांच्या माळ्यावर अद्याप एखादी गंजलेली लोखंडी पासरी किंवा पितळी अच्छेर सापडतो. नातवंडे तो हातात घेऊन विचारतात, "हा किती किलोचा?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आजोबांना थोडे थांबावे लागते; कारण शेर कोणत्या बाजारातला, हे आधी सांगावे लागते. भारताने मेट्रिक पद्धती का स्वीकारली, याचे उत्तर आमच्या मते या थांबण्यातच आहे.

मण हा शब्द सर्वत्र एकच होता, वजन मात्र निरनिराळे. रेल्वेचा मण ४० शेरांचा, म्हणजे ८२ पौंडांहून किंचित अधिक. आजच्या हिशेबाने ३७.३२ किलोग्राम. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७० किलो, आणि मद्रासचा अवघा २५ पौंडांचा. बेळगाव मुंबई इलाख्यात आणि धारवाडपलीकडचे बल्लारी मद्रास इलाख्यात. ज्या व्यापाऱ्याचा व्यवहार दोन्हीकडे, त्याला मणाचा भाव कळला म्हणजे भाव कळला असे होत नसे. तो मण कोणता, हे पत्रातून विचारून घ्यावे लागे.

धान्याची गोष्ट याहूनही अवघड. तेथे तोलापेक्षा मापाचा प्रचार अधिक. तोलाचा शेर निराळा आणि मापाचा शेर निराळा, नाव मात्र दोघांचेही शेरच. शिवाय पायली शीग लावून भरावयाची की काठोकाठ सपाट करून, हा गावोगावचा रिवाज. शीग किती उंच राहील, हे मापाड्याच्या हातावर आणि धान्याच्या दाण्यावर अवलंबून. मग शेतकऱ्याच्या मनात संशय राहिला तर दोष कोणाला द्यावयाचा?

या घोळाचा लाभ व्यापारीवर्गाला होत असे, असा एक सार्वत्रिक समज आहे. आम्हांला तो अर्धाच खरा वाटतो. चार बाजारांची मापे ज्याला मुखोद्गत, त्याला लाभ होई हे खरे. परंतु चोख व्यवहार करणाऱ्या लहान दुकानदाराला आपला चोखपणा सिद्ध करण्याचे साधनच नव्हते. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मानाची गणना आहे, हे आपल्या घरांत नव्याने सांगावयास नको. मान म्हणजे धान्याचे माप, उन्मान म्हणजे ताजव्याचे वजन. पण हीन कशाहून आणि अधिक कशाहून? तुलनेला सर्वमान्य प्रमाणच नसेल, तर प्रामाणिक माणसालाही केवळ आपल्या शब्दावर विसंबावे लागते.

हिशेबाचा जाच तर वेगळाच होता. मणाला १८ रुपये ११ आणे भाव असेल, तर १७ शेर ६ छटाकांचे किती? शेराचे १६ छटाक, रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. उत्तर ८ रुपये १ आणा आणि सुमारे साडेदहा पै. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकलेले आमचे वडील हे तोंडी करीत, यात शंका नाही. तेच आता क्विंटलला ५० रुपये भाव धरून १७ किलो ३७५ ग्रामचे करून पाहावे. टिंब दोन घरे डावीकडे सरकविले आणि पन्नासाने गुणले की ८ रुपये ६९ पैसे झाले. औटकी न आलेला मुलगाही हे करू शकतो, आणि समोरचे गिऱ्हाईक ते पडताळू शकते. आमच्या दृष्टीने महत्त्व या दुसऱ्या गोष्टीचे अधिक.

ही कल्पना काही स्वातंत्र्यानंतरच सुचली असे नव्हे. १८७१ च्या कायद्यात एक किलोग्रामचा शेर ठरविला गेला होता, पण त्याची अंमलबजावणी झालीच नाही. १९३९ च्या कायद्याने तोळा, शेर आणि मण यांना निश्चित प्रमाण दिले. तरी बाजार आपल्याच वाटेने चालत राहिले. अखेर १९५६ मध्ये वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली.

जुन्या पद्धतीच्या बाजूनेही एक खरे म्हणणे होते आणि ते टाळणे योग्य नव्हे. ताजव्याला अर्धे करणे सोपे जाते. शेराचा अच्छेर, त्याचा पावशेर, त्याचा अदपाव, त्याचा छटाक. निम्मे-निम्मे करीत गेले की वजन हाताशी नसतानाही काम भागे. दहाचे निम्मे पाच, पण पाचाचे निम्मे अडीच. म्हणूनच पाव हा शब्द बाजारातून गेला नाही. २३३ ग्रामचा होता, तो २५० ग्रामचा झाला इतकेच.

संक्रमणाच्या काळात गिऱ्हाइकांची जी कुरकुर झाली, तीही निराधार नव्हती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. व्यवहारात धरले सहा. चार आणे एकदम दिले तर २५ पैसे, आणि आणा-आणा करून चार वेळा दिले तर २४. वजनाचेही तसेच. शेर ९३३ ग्रामचा, किलो हजाराचा. शेराला १४ आणे भाव असेल तर किलोला सुमारे ९४ पैसे न्याय्य ठरतात. कोणी सरळ एक रुपया सांगितला, तर वजनाच्या पडद्याआड भाव वाढला, असे गिऱ्हाइकाने म्हणणे रास्तच होते.

आज बाजार समित्यांतून भाव क्विंटलचा निघतो. इंदूरचा सोयाबीनचा आकडा बेळगावच्या पेढीवर ऐकला, तर कोणते वजन असे कोणी विचारीत नाही. कापूस तेवढा जुन्या वळणावर राहिला. मुंबई बाजाराची खंडी ७८४ पौंडांची होती, आणि आजही रुईचा भाव खंडीलाच सांगतात. लिहिताना मात्र ३५६ किलो लिहितात.

सोन्याच्या बाबतीत आम्हांला थोडी काळजी वाटते. जुना तोळा ११.६६ ग्रामचा. आज बोलण्यात तोळा म्हणजे १० ग्राम धरतात. आजीच्या काळच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडावयास आल्या, तर त्या ५८.३२ ग्राम भरावयास हव्यात, झीज काय झाली असेल ती वजा जाता. घरच्या जुन्या यादीतील "पाच तोळे" वाचून कोणी त्या ५० ग्राम धरल्या, तर आठ ग्रामांहून अधिक सोन्याचा फरक पडतो, आणि भावंडांच्या वाटणीत तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. यास्तव ज्या घरांत अशा याद्या आहेत, त्यांनी दागिने एकदा काट्यावर तोलून, शेजारी ग्रामचा आकडा आणि तोलल्याची तारीख लिहून ठेवावी.