‘व्यवस्थित संपले’ म्हणजे झाले का? : बिलाच्या संगणकाची गोष्ट



पंधरवड्याचे बिल हातात पडले की आपण आधी दोन गोष्टी बघतो. टनेज आणि कपात. वजन बरोबर लागले का, सोसायटीची वसुली दोनदा तर धरली नाही ना? आकडा चुकला की उत्तर ठरलेले : ‘ते संगणकानं काढलंय.’ हे उत्तर आम्हांला पटत नाही. संगणक आपणहून काही काढत नाही. सांगावे तसे करतो. ते सांगतात कसे, हे एका यंत्रावरून पाहू.

धंद्याच्या हिशेबासाठी आयबीएम कंपनीने जून १९८८ मध्ये एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक बाजारात आणला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे तो घडला. त्याच्या प्रणालीला २००८ पासून ‘आयबीएम आय’ म्हणतात. पडद्याच्या तळाशी बाणाची खूण असते, तिच्यापुढे हुकूम टाईप करायचा. हुकूम आखूड असतात. ‘डीएसपी’ म्हणजे दाखव, ‘सीआरटी’ म्हणजे तयार कर. पुढचे आठवेना तर एफ-४ कळ दाबायची, की यंत्रच कोरा फॉर्म पुढे करते.

तेच ते हुकूम रोज कोण देत बसणार? म्हणून त्यांची यादी एकदाच लिहून ठेवतात, मुकादमाला सकाळी दिवसभराची कामे सांगावीत तशी. हीच स्क्रिप्ट. ‘एसबीएमजॉब’ हा हुकूम दिला की काम रांगेत लागते, काट्यापुढे गाड्या नंबराने लागतात तसे. ऑपरेटर मोकळा.

खरी गोम पुढेच आहे. या यंत्राच्या स्वतःच्या सीएल भाषेत हुकूम फसला आणि त्याची सोय आधी केलेली नसली, तर काम तिथेच अडते. पण युनिक्स पद्धतीच्या स्क्रिप्ट ‘क्यूशेल’मधून चालतात. सीएलमधून ‘क्यूएसएच’ हुकूम देऊन ती चालवली आणि ती फसली, तरी निरोप येतो : हुकूम व्यवस्थित संपला. शेवटी फक्त एक आकडा असतो. शून्य असेल तर काम झाले, दुसरा काही असेल तर बिघडले. तो आकडा वाचतो कोण? पुढची पायरी खुशाल सुरू!

समजा, पहिल्या पायरीत सोसायटीची नवी वसुली यादी यायची होती. ती आलीच नाही, जुनीच जागेवर राहिली. दुसऱ्या पायरीने त्याच यादीवर बिले छापली. फिटलेले कर्ज पुन्हा कापले गेले, आणि यंत्र म्हणते सगळे व्यवस्थित!

यावर इलाज साधा आहे. ‘क्यूआयबीएम_क्यूएसएच_सीएमडी_एस्केप_एमएसजी’ असे लांबलचक नाव आहे. स्क्रिप्ट चालवण्याआधी, त्याच कामात, त्याची किंमत ‘वाय’ ठेवायची. मग शून्याहून मोठा आकडा आला की तो निरोप चुकीचा इशारा ठरतो आणि सीएलचे काम पुढे जात नाही. एका ओळीचे काम, पण ती ओळ कोणीतरी आठवणीने लिहावी लागते.

आपल्याला संगणक चालवायचा नाही, हे खरे. पण विचारायचा हक्क आपला आहे. यंत्र कोणतेही असो, सभेत तीन प्रश्न जरूर विचारा. काम मध्येच फसले तर यंत्र थांबते का? त्याची नोंद कुठे राहते? ती नोंद रोज वाचायची जबाबदारी कोणाची? आणि तोवर वजनाची चिठ्ठी फेकू नका. बिलाशी ताडून बघायला तीच आपल्या हातात असते.