सहा जणी, एक बोट आणि नो एक्झिट!

मीटिंगमध्ये कुणाशी वाजलं, की आपण काय करतो? कॅन्टीन गाठतो. फारच झालं तर सीव्ही अपडेट करतो. पण चारही बाजूंना नुसतं पाणीच पाणी असेल तर?

मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हटलं की आम्हाला टँकर आठवतो, नाहीतर भंडारदरा! तरी ‘तारिणी’ने मला पार वेड लावलंय. गोव्यातल्या दिवाडीला बांधलेली ही ५५ फुटी शिडाची बोट. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलातल्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून गोव्याहून निघाल्या. कप्तान होती वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. पृथ्वीला वळसा घालून त्या परतल्या २१ मे २०१८ ला. २५४ दिवस, साधारण २१,६०० सागरी मैल. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तारिणी दुसऱ्या क्रूसोबत केपटाउन ते रिओ या रेसमध्येही उतरली.

झोप हप्त्याहप्त्याने

भर समुद्रात बोट रात्रीपुरती ‘पार्क’ करता येत नाही. म्हणून अशा बोटींवर पाळ्या लागतात. काही जण डेकवर, बाकीचे खाली झोपलेले. तीन-चार तासांनी हाक आली की उठा, लाइफ जॅकेट चढवा, स्वतःला पट्ट्याने बोटीला अडकवा आणि वर या. रेस असेल तर वारा बदलला की शिडंही बदलायची, मग रात्रीचे तीन का वाजेनात! झोपताना गडगडू नये म्हणून बंकच्या कडेला कापड बांधतात. शेगडी झुलती, म्हणजे बोट कलंडली तरी पातेलं सरळ. गोडं पाणी जपून. दक्षिणेच्या गारठ्यात ओले कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. २०१७ ची दिवाळीही या सहा जणींना समुद्रातच लागली.

सगळ्यात लांबचा टप्पा पॅसिफिकचा. १२ डिसेंबरला न्यूझीलंडचं लिटलटन सोडलं, ते केप हॉर्नला वळसा घालून थेट २१ जानेवारी २०१८ ला फॉकलंडचं पोर्ट स्टॅनली. चाळीस दिवस, त्याच सहा जणी! एप्रिलमध्ये बोटीचं स्टिअरिंग बिघडलं, तेव्हा मॉरिशसला थांबावं लागलं.

फंडा भरवशाचा

आता आमचं बघा. पुण्यात आम्ही चौघी टू-बीएचकेत राहतो. मागच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी कुणी संपवलं यावरून दोघींनी पंधरा दिवस अबोला धरला. तिसरी तर सामान बांधायला लागली. आमच्याकडे निदान दार होतं. बोटीवर अबोला धरून जाणार कुठे? चार तासांनी तिलाच उठवायचंय. आणि ती वर असताना खाली तुम्ही झोपणार, ते तिच्याच भरवशावर. मैत्री असो-नसो, पाळी चुकवायची नाही, एवढाच तिथला नियम.

तो आम्ही सरळ उचलला. फ्रिजवर पाळ्यांचा कागद लागला. जिची पाळी संपेल, तिने पुढचीसाठी बादली भरून ठेवायची. बोलणं-बिलणं नंतर.

आधी बादल्या भरल्या, मग हळूहळू गप्पा सुरू झाल्या. तिसरीची बॅग परत माळ्यावर गेलीय.